सव्वासातनंतरची डोंबिवली

गिरगाव रिकामं झालं, दादर बदललं, लालबाग-परळच्या चाळींच्या जागी टॉवर आले, यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. तिथून बाहेर पडलेली माणसं ज्या गावात उतरली त्या गावाचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझे आई-बाबा सत्तरच्या दशकात गिरगावातून डोंबिवलीला आले. माझा जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, आणि लग्नानंतरही मी इथेच आहे. गेली काही वर्षं माझ्या भोवतीची माणसं एकेक करून डोंबिवली सोडताना मी बघते आहे. कुणी ठाण्याला जातं, कुणी पुण्याला, कुणी थेट देशाबाहेर. आमच्या घराण्यातलं हे दुसरं स्थलांतर. दोन्ही वेळा जाणाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण गाव कशाने सुटतं, हे मला नीट मांडायचं आहे.

बाबा ज्या चाळीत वाढले तिथे दोन खोल्यांत तीन भावांची बिऱ्हाडं होती. भाडं अगदी नावापुरतं, कारण १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली होती. भाडं वाढत नाही म्हणून मालक दुरुस्तीला हात लावत नाही, दुरुस्ती होत नाही म्हणून जिन्याच्या फळ्या निखळतात, आणि तरीही खोली कुणी सोडत नाही, कारण एकदा सोडली की मुंबईत परत पाय टेकायला जागा मिळणार नाही. सोडायची तर पागडी घेऊन, कायमची. थोरल्या काकांनी खोली ठेवली; बाबा आणि धाकटे काका बाहेर पडले. असे किती जण बाहेर पडले याचा अंदाज जनगणनेतून येतो. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे माहीम-शीवपासून कुलाब्यापर्यंतच्या मूळ बेटाची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

डोंबिवली बाबांना कशी सापडली? जशी सगळ्यांना सापडली तशीच. ऑफिसातले एक जण आधी आले होते. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं, गच्चीवरून भातशेती दाखवली आणि म्हणाले, "पाणी आहे, स्टेशन पायी दहा मिनिटांवर आहे, शाळा चांगली आहे. आणखी काय हवं?" आयरे, पाथर्ली, चोळे, ठाकुर्ली, नवागाव, मोठागाव ही मुळात आगरी वस्तीची गावं. शेतं विकली गेली तसतशा त्यांच्या बांधांवरून गल्ल्या पडल्या. आज एखादी गल्ली मध्येच विचित्र वळण घेते, तिथे बहुतेक कुणाच्या तरी शेताची हद्द असणार. त्या गल्ल्यांत तळमजला अधिक तीन अशा इमारती उभ्या राहिल्या. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, कारण गाडी कुणाकडेच नव्हती. प्रत्येक मजल्यावर चार ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा संडास आणि एक चिंचोळी गॅलरी. आई सांगते, पहिल्या रात्री ती नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. दार लावून घेता येईल अशी खोली तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

लहानपणच्या डोंबिवलीबद्दल बोलताना लोकांना चाफ्याची झाडं, विहिरी, मोकळी मैदानं आठवतात. ती होती. पण मला गावाचं चांगलेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं, आणि ते मोठी झाल्यावर, स्वतः नोकरीला लागल्यावर कळलं. बाबांचं ऑफिस फोर्टात होतं. डोंबिवली ते व्हीटी ४८ किलोमीटर, फास्ट लोकलने सव्वा तासाच्या आसपास. ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि सुटायचं म्हणजे खरंच सुटायचं. सव्वासातच्या सुमाराला स्टेशनातून माणसांचा लोंढा फडके रोडवर पडायचा. बाबा घरी येत, हातपाय धूत, चहा घेत, आणि आठ वाजता परत चपला घालून बाहेर. कुणाकडे पतपेढीची बैठक, कुणाकडे शाळेच्या पालक समितीची, कुठे गणेशोत्सवाचा हिशेब, कुठे व्याख्यानमालेसाठी वक्त्याला पत्र लिहायचं असायचं. एका बिऱ्हाडात नाटकाची तालीम चालायची, दुसऱ्यात तबल्याचा क्लास. दहाला सगळे परत येऊन जेवायचे.

या गावात जे नाव घेण्यासारखं उभं राहिलं ते रात्री आठ ते दहा या दोन तासांत उभं राहिलं. गणेश मंदिर संस्थान १९२४चं, ते आधीचं. पण नंतर आलेल्या नोकरदारांनी त्याला नुसतं देऊळ राहू दिलं नाही. तिथे वाचन, व्याख्यानं, सामाजिक कामं सुरू झाली. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली निघाली, ती अशाच मध्यमवर्गी माणसांच्या खटपटीतून. टिळकनगरसारख्या वस्तीत शाळा, मैदान, गणेशोत्सव, सगळं रहिवाशांनीच उभं केलं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा, जी आज गिरगावात निघते तेव्हा सगळ्या वाहिन्या दाखवतात, ती १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली आणि इथून इतरत्र गेली. गिरगावातून बाहेर पडलेल्यांनी गिरगावाला परत दिलेली ही गोष्ट आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा बाबा नव्हते. असते तर तिन्ही दिवस मांडवात बसले असते.

त्या दोन तासांची किंमत कुणी दिली तेही सांगायला हवं. बाबा आठ वाजता बाहेर पडू शकत, कारण आई घरात होती. ती नोकरी करणारी असती तर हे गणित जमलं नसतं. आणि पुष्कळ घरांत बायका नोकरीला लागल्याच. लेडीज डब्यात भाजी निवडत येणाऱ्या बायकांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या बहुतेक आमच्याकडच्या. त्यांच्यासाठी डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं निघाली. स्टेशनातून उतरायचं, मोजून पोळ्या आणि पाव किलो भाजी घ्यायची आणि घर गाठायचं. या केंद्रांनी किती बायकांना संध्याकाळचा एक तास मिळवून दिला असेल! त्यातल्या काहींनी तो तास भिशीला दिला, काहींनी महिला मंडळाला, काहींनी अभ्यासिकेला. केंद्र चालवणाऱ्याही बायकाच होत्या. बहुतेक जणी घरच्या ओट्यावर सुरुवात करून पुढे गाळा घेणाऱ्या.

मग हे सगळं बिघडलं कसं? लोक एका वाक्यात उत्तर देतात: गर्दी वाढली. गर्दी वाढली हे खरं, पण नुसत्या गर्दीने गाव बिघडत नाही. गिरगावात काय कमी गर्दी होती?

पहिली गोष्ट, गावाचा कारभार गावापासून दूर गेला. डोंबिवलीला स्वतःची नगरपालिका होती. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली आणि निर्णय कल्याणला होऊ लागले. आजूबाजूची २७ गावं तेव्हाच महापालिकेत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. मधल्या वर्षांत त्या गावांत कुणाची परवानगी घ्यायची हा प्रश्न फार जणांना पडलाच नाही. इमारती उठत गेल्या. महापालिका क्षेत्रातल्या बेकायदा बांधकामांची चौकशी करायला नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामं मोजली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. त्या घरांत राहणारी माणसं कोण? आमच्याच सारखी. कर्ज काढून, कागद बघून, नोंदणी क्रमांक आहे म्हणून विश्वासाने घर घेतलेली. पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी जे केलं तेच त्यांनी केलं. बाबांना घर मिळालं, यांना नोटीस.

जुन्या गावठाणाभोवतीच्या, रीतसर परवानगीच्या इमारतींचंही फार बरं नाही. खारा दमट वारा, साठ-सत्तरच्या दशकातलं काटकसरीचं बांधकाम, गच्चीवरून झिरपणारं पाणी. सळया फुगतात आणि प्लास्टरचे पोपडे पाडत बाहेर येतात. जुलै २०१५मध्ये ठाकुर्लीत एक तीन मजली इमारत रात्री कोसळली, नऊ माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी आली की माझ्या ओळखीची कितीतरी घरं ती आधी बघतात. दुरुस्ती करावी तर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. इमारत बांधणाऱ्याने सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी, करून द्यायचं राहिलं ते राहिलंच, आणि आता तो नाही, जमीनमालकाचे वारस आठ ठिकाणी विखुरलेले. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्यांच्या सहीवाचून ती मालकी मिळवण्याचा, मार्ग कायद्याने आहे. त्या मार्गाने जायला सोसायटीत कुणीतरी एक चिकाटीचा माणूस लागतो, जो कागद गोळा करील, निबंधकांच्या कार्यालयात खेटे घालील, वारसांना फोन करील. तो माणूस पूर्वी रात्री आठ ते दहा मोकळा असायचा.

दुसरी गोष्ट एमआयडीसी. साठच्या दशकात पूर्वेला औद्योगिक वसाहत झाली, तेव्हा तिच्या आणि गावाच्या मध्ये बरंच अंतर होतं. वसाहतीला लागूनच निवासी भागही आखला होता. मिलापनगर, सुदर्शननगर अशा भागांत छान बंगले, झाडं, रुंद रस्ते होते. माझी एक मैत्रीण तिथे राहायची. तिच्या अंगणात जांभळाचं झाड होतं आणि आम्ही सुट्टीत तिथे पडीक असायचो. पुढे रासायनिक कारखाने वाढले आणि त्यांच्या कुंपणापर्यंत घरंही वाढली. २०१४च्या जानेवारीत हिरव्या रंगाचा पाऊस पडला, २०२०च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. बाहेरच्या लोकांनी त्यावर विनोद केले. आम्हाला त्या रंगांची भीती वाटली, आणि गुलाबी रस्त्याच्या वेळी तर २६ मे २०१६ अजून आमच्या कानांत होता. त्या दिवशी एका कारखान्यात स्फोट झाला आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. बारा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ला, दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा तसाच स्फोट. प्रत्येक वेळी अतिधोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याची घोषणा होते. माझ्या मैत्रिणीच्या आई-वडिलांनी पहिल्या स्फोटानंतर काचा बदलल्या. दुसऱ्या स्फोटानंतर त्यांनी बंगला विकायला काढला. वडील म्हणाले, "आम्ही घाबरलो म्हणून नव्हे गं. आता पुन्हा काचा बसवायची इच्छाच उरली नाही."

तिसरी गोष्ट लोकल, आणि मला वाटतं सगळ्यात खोलवर हीच आहे. बाबांच्या वेळी बहुतेकांची ऑफिसं फोर्ट-बॅलार्ड पिअरला असत. एक गाडी, एकच गट, ठरलेली जागा. गाडी पकडली की बाकीचा प्रवास गाडीचा. आता ऑफिसं बीकेसीला, पवईला, अंधेरीला, ऐरोलीला आहेत. घाटकोपरला उतरा, पूल चढा, २०१४ पासून मेट्रो आहे ती पकडा, पुढे शेअर रिक्षा. किंवा ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल. प्रत्येक बदलात अर्धा तास जातो. ऑफिसची वेळ संपली तरी काम संपत नाही. आणि डोंबिवलीला चढणं ही मुळात एक परीक्षा आहे. कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याकडून गाड्या आधीच भरून येतात. बसायला मिळावं म्हणून लोक आधी उलट दिशेने कल्याणपर्यंत जातात, डाऊन करून तिथून बसून येतात. म्हणजे आणखी अर्धा तास. दारात लोंबकळत जाणारी मुलं दिवा-मुंब्र्याच्या वळणावर पडतात हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. ९ जून २०२५ला त्याच भागात समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांमधून माणसं पडली आणि काही जण गेले, तेव्हा सगळ्या देशाने ऐकलं. त्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: पोचलीस का?

मी आता घरी साडेनऊला येते. माझा नवरा दहाला. त्यात आम्ही काही वेगळे नाही, आमच्या मजल्यावर सगळ्यांचंच असं आहे. मग आठची बैठक कोण घेणार? आमच्या लहानपणीचं गल्लीतलं वाचनालय बंद पडलं ते वाचक संपले म्हणून नाही. शहरात पुस्तकांच्या देवघेवीचा उत्सव भरतो तेव्हा आजही तोबा गर्दी होते. वाचनालय बंद पडलं, कारण संध्याकाळी खिडकी उघडून बसायला माणूस मिळेना. व्याख्यानमाला आहेत, पण समोरच्या खुर्च्यांवर साठीच्या पुढची माणसं असतात, आणि व्यासपीठामागे धावपळ करणारीही साठीच्या पुढची. फुटपाथवर गाड्या लागतात, स्टेशनबाहेर चालायला वाट राहत नाही, चिमणी गल्लीत किंवा मधुबन टॉकीजच्या गल्लीत संध्याकाळी शिरलं की पुढच्याच्या पाठीला नाक लागतं. याबद्दल तक्रार करायची तर प्रभाग कार्यालय उघडं असतं तेव्हा सगळे तक्रारदार ठाण्याच्या पलीकडे असतात. नगरसेवकांचा दरवाजा रात्री उघडा असतो, पण रात्री पाय उचलत नाहीत.

फेरीवाल्यांवर राग काढणं सोपं आहे. मला तो काढावासा वाटत नाही. स्टेशनबाहेर भाजी मिळते म्हणूनच साडेनऊला उतरणाऱ्या बाईच्या घरी भाजी शिजते. त्यांना बसायला जागा आखून द्यायचं काम कुणी केलं नाही, म्हणून ते रस्त्यात बसतात.

माझा धाकटा भाऊ ठाण्याला घोडबंदर रोडला गेला. तो जाणार हे मला त्याच्या मुलीच्या जन्मानंतरच कळलं होतं. एका रविवारी दुपारी तो गॅलरीत उभा राहून म्हणाला, "ताई, मी हिला जागी असताना फक्त शनिवार-रविवारी बघतो. ठाण्याला गेलो तर रोज पाऊण तास तरी मिळेल." रोजच्या त्या पाऊण तासासाठी त्याने वीस वर्षांचं कर्ज घेतलं, आणि ते योग्यच केलं. बाबांनीही गिरगाव सोडलं ते एका दारासाठी. त्या वेळी बाबांना मोठे काका म्हणाले होते, "तिकडे जंगलात जाऊन काय करणार?" मी भावाला असं काही म्हटलं नाही. मी त्याच्या नव्या घराचे पडदे शिवून दिले.

गंमत अशी की तो गेला आणि डोंबिवलीतलं एक घर कमी झालं नाही. २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, आणि त्यानंतर कल्याण-शीळ रोडवर, नव्वद फुटी रोडवर, खोणीच्या बाजूला जे टॉवर उभे राहिले ते पाहता आज ती कितीतरी जास्त असणार. भावाच्या ब्लॉकमध्ये आता चार मुलं भाड्याने राहतात. दोन जळगावची, एक नांदेडचा, एक गोरखपूरचा. सभ्य आहेत. जिन्यात दिवा गेला तर बदलतात. पण त्यांचा करार अकरा महिन्यांचा आहे. अकरा महिन्यांनी ब्लॉक सोडावा लागेल, की मालक भाडं वाढवून ठेवील, हे माहीत नसताना माणूस कुंडीत तुळस लावतो, आंबा लावत नाही. सोसायटीच्या सभेला त्यांना बोलावणं नसतं. ज्यांना असतं त्यांतला एक पुण्यात आहे, एक सिंगापूरला, एक अमेरिकेत. ते मेंटेनन्स वेळेवर भरतात, बँकेतून आपोआप जातो. इमारतीला मात्र पैशाखेरीज आणखी काहीतरी लागतं. पाण्याची मोटार बंद पडली की खाली उतरून बघणारं कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी म्हणजे आता तळमजल्यावरचे काका, वय ८१. त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला बोलावतो. ते म्हणतात, "जाईन. मोटारीचं काम कुणाला तरी शिकवतो आणि जातो." त्यांनी जळगावच्या मुलांपैकी एकाला शिकवलं. त्याला आवडही होती. मग त्याची नोकरी चाकणला लागली.

अशा घरांत आता म्हातारी माणसं एकटी राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतींत. आमच्या वरच्या काकू महिन्यातून दोनदाच खाली उतरतात. एकदा डॉक्टरकडे, एकदा बँकेत. बाकी सगळं दोरीला पिशवी बांधून वर जातं. त्यांचे दोन्ही मुलगे चांगले आहेत, रोज फोन करतात, दर दिवाळीला येतात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला नवे कपडे घालून तरुण मुलं जमतात तेव्हा तिथे उभं राहिलं तर सोडून गेलेली अर्धी डोंबिवली भेटते. ठाण्याहून पहिल्या लोकलने आलेले, पुण्याहून रात्रीतून आलेले, सगळे गणपतीचं दर्शन घेऊन आप्पा दातार चौकात गप्पा मारत उभे. ज्यांना राहायला आवडलं नाही असे ते नाहीत. त्यांना इथे राहणं जमलं नाही, एवढंच. नऊ-साडेनऊला सगळे पांगतात. त्या सकाळी मला आनंद होतो आणि रागही येतो. राग त्यांचा नाही. एवढी माणसं या गावावर जीव लावून असताना नऊ डब्यांच्या गाड्या बाराच्या, बाराच्या पंधराच्या करण्यापलीकडे त्यांच्या येण्याजाण्याचा विचार कुणी केला नाही, याचा राग. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला २०२२ साल उजाडलं. तेवढ्या काळात एक अख्खी पिढी दारात लटकून म्हातारी झाली.

आता आमच्याही इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आहे. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई सोडून उरलेल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, चटईक्षेत्र, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर करता येणारं बांधकाम, वाढलं, आणि ज्या गल्ल्यांकडे बिल्डर बघत नव्हते तिथे ते चकरा मारू लागले. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. वरच्या काकूंना लिफ्ट मिळायलाच हवी, आणि फुगलेल्या सळयांखाली कुणाला झोपवणं हे प्रेम नव्हे. मला काळजी वेगळीच आहे. तीन मजल्यांच्या जागी बारा मजले येतील, सोळा बिऱ्हाडांच्या जागी पन्नास, आणि गल्ली तेवढीच राहील, शेताच्या बांधाएवढी. पाण्याची लाइन तीच, गटार तेच. आमच्या गल्लीत असे चार प्रस्ताव एकदम चालू आहेत आणि प्रत्येक सोसायटी फक्त आपल्यापुरतं बोलते आहे: किती टक्के जास्त जागा, भाडं किती, बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस निधी किती.

म्हणून मी गेल्या सभेत एक मागणी मांडली. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक खोली सोसायटीच्या मालकीची हवी. अभ्यासिका, वाचनालय, बैठकीची जागा, काहीही म्हणा. मालकांबरोबर भाडेकरूंनाही खुली, आणि शेजारच्या इमारतींनाही. बिल्डरचा माणूस शांतपणे म्हणाला की तिथे दोन गाळे निघतात आणि गाळ्यांच्या पैशातूनच आमचा कॉर्पस येतो. सिंगापूरचे सभासद पडद्यावर होते, त्यांनी विचारलं की त्या खोलीचा मेंटेनन्स कोण भरणार. प्रश्न रास्त होता. वरच्या काकू त्या दिवशी खास खाली उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या कॉर्पसमधले थोडे कमी करा, पण खोली ठेवा." तळमजल्यावरचे काका हिशेब करायला बसले. शेजारच्या तीन सोसायट्यांनी वाटा उचलला तर प्रत्येक घरामागे रक्कम फार येत नाही, असं त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. त्या तिघांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. दोघांशी बोलून झालं. एक सेक्रेटरी तयार आहेत, दुसरे म्हणाले की सभासदांना विचारून सांगतो. तिसऱ्यांकडे उद्या जायचं आहे.

पुढची सभा रविवारी आहे. बिल्डरच्या नकाशावर मी ती खोली पेन्सिलने आखून ठेवली आहे, जिन्याच्या डाव्या हाताला, दार रस्त्याकडे. वेळेच्या रकान्यात काकांनी जुन्या सवयीने रात्री आठ ते दहा लिहिलं होतं. मी ते बदलून साडेनऊ ते अकरा केलं.